दगडी ओटा आणि लांकडी तक्तपोशी

ओटा हा घराचा सर्वांत मोकळा आणि सर्वांत बोलका भाग होय. माजघरांत जें बोलतां येत नाहीं तें ओट्यावर बोलतां येतें. ज्याला घरांत बोलावण्याइतका परिचय नाहीं, त्यालाही ओट्यावर बसवून तांब्याभर पाणी देतां येतें. घर आणि जग यांच्या मधली ही जागा प्रत्येक समाजानें आपापल्या हवेप्रमाणें, आपापल्या ऐपतीप्रमाणें आणि हातीं असलेल्या सामानाप्रमाणें बांधली आहे. म्हणून एखाद्या समाजानें आपल्या ओट्याचें सामानच बदललें, तर तो बदल दिसण्यांत लहान असला तरी त्याच्यामागें बराच मोठा इतिहास असतो.

शहरांतल्या पुष्कळ कुटुंबांतील कोणी ना कोणी आज अमेरिकेंत असतें. त्यांच्याकडून येणाऱ्या छायाचित्रांत घराच्या मागल्या अंगास, जमिनीपासून तीन-चार फूट उंचीवर, लांकडी फळ्यांचा एक प्रशस्त चौथरा पुष्कळदां दिसतो. त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात, फुलांच्या कुंड्या असतात, एखाद्या मराठी घरीं त्यांतच तुळसही असते. याला तिकडे 'डेक' म्हणतात. हा डेक अमेरिकन घराला जन्मापासून जडलेला अवयव आहे असें पाहणाऱ्यास वाटतें. पण तसें नाहीं. अनेक घरीं त्याच जागेवर आधीं दगडविटांचा, मातीची भर घातलेला ओटा होता. तो फोडून तेथें लांकूड आलें. टिकाऊ दगड काढून नाशिवंत लांकूड बसवणें हा व्यवहार प्रथमदर्शनीं उफराटा वाटतो. तो उफराटा कां नव्हता, आणि तो साधण्यासाठीं डेहराडून येथील एका भारतीय संशोधकाची विद्या कशी उपयोगी पडली, हाच या इतिहासाचा गाभा आहे.

अमेरिकन घराचा पहिला ओटा पुढल्या दारीं होता. एकोणिसाव्या शतकांत, विशेषतः दक्षिणेंतील उष्ण संस्थानांत, रस्त्याकडे तोंड करून छपराचा सोपा काढण्याची चाल होती. व्हरांडा हा शब्द इंग्रजींत हिंदुस्थानांतूनच गेलेला. १८४२ सालीं अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग या उद्यानरचनाकारानें लहान घरांवरील आपल्या ग्रंथांत या व्हरांड्याचा पुरस्कार केला, आणि मध्यम स्थितींतल्या गृहस्थांनाही तो हवासा वाटूं लागला. संध्याकाळीं मंडळी तेथें बसत आणि रस्त्यानें जाणाऱ्यांशीं बोलत. विसाव्या शतकांत मोटारी आल्या. रस्त्यावर धूर व गोंगाट झाला, आणि ओळखीचीं माणसें पायीं जाईनाशीं झालीं. पुढें दूरचित्रवाणीनें संध्याकाळची बैठक दिवाणखान्यांत ओढून नेली. पुढल्या ओट्याचें महत्त्व असें ओसरलें, आणि मोकळ्या हवेंत बसण्याची हौस घराच्या मागें परसांत गेली.

दुसरें महायुद्ध संपल्यावर परतलेल्या सैनिकांच्या नव्या संसारांसाठीं शहरांबाहेर घाऊक वसाहती उठल्या. न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ सालीं लेव्हिटटाउन वसूं लागलें. १९५१ पर्यंत तेथें १७ हजारांहून अधिक घरें उभीं राहिलीं. अशा वसाहतींतल्या घरांना पुढें ऐसपैस सोपा नसे, मागें मात्र हिरवळीचें परस असे. त्या परसांत बसण्यासाठीं फरसबंदी करण्याची टूम निघाली व तिला 'पॅटिओ' असें नांव मिळालें. हा शब्द स्पॅनिश. मूळच्या स्पॅनिश घरांत पॅटिओ म्हणजे चोहोंबाजूंनीं खोल्या असलेला चौक. पुण्याच्या किंवा वाईच्या वाड्यांत असे तसाच. अमेरिकेंत त्या चौकाच्या भोंवतालच्या भिंती गळाल्या आणि नुसती फरशी उरली.

जेथें जमीन सपाट आणि घराची जमीन ठेंगणी, तेथें ही फरशी सरळ मातीवर घालीत. परंतु जेथें घर उंच जोत्यावर होतें, किंवा परसाला उतार होता, तेथें दारांतून बाहेर पडतांच पायऱ्या उतराव्या लागत. तो त्रास चुकवण्यासाठीं तीन बाजूंना विटांची किंवा दगडांची भिंत घालून, चौथ्या बाजूस घराचीच भिंत धरून, मधल्या पोकळींत माती व राडारोडा भरीत आणि वर काँक्रीटची लादी ओतीत. हाच उंच पॅटिओ. बांधल्या दिवशीं तो अगदीं भक्कम दिसे. त्यावर नाचलें तरी हलूं नये, असा.

महाराष्ट्रांतल्या ओट्याची रचना याहून फारशी निराळी नाहीं. येथेंही भिंत, भर आणि वर फरशी हाच क्रम आहे. मग जो ओटा येथें पिढ्यान्‌पिढ्या निमूटपणें बसला, तोच तिकडे घराच्या मुळावर कां यावा? याचें उत्तर ओट्यांत नसून घराच्या भिंतींत आहे. येथल्या घराचें जोतें दगडाचें, आणि त्यावरची भिंत दगडाची, विटांची किंवा मातीची. अमेरिकेंतलें बहुसंख्य घर मात्र लांकडी सांगाड्याचें. १८३० नंतरच्या दशकांत शिकागोच्या बाजूस बारीक लांकडांचा, खिळ्यांनीं जोडलेला हलका सांगाडा उभारण्याची रीत निघाली, आणि तीच देशभर पसरली. या सांगाड्याचीं खालचीं आडवीं लांकडें पायाच्या माथ्यावर टेकलेलीं असतात. सबंध घराचा भार त्यांच्यावर. तीं मातीपासून उंच व कोरडीं राहिलीं, तर घर शंभर वर्षें उभें राहतें.

उंच पॅटिओनें नेमकी हीच मर्यादा मोडली. दारांतून सपाट पाऊल टाकतां यावें म्हणून भर जोत्याच्या वरपर्यंत आणली. म्हणजे ओली माती लांकडी भिंतीला जाऊन भिडली. नवी भर वर्षा-दोन वर्षांत खचते. ती खचली कीं वरची लादी कलते किंवा तडकते. आणि तिचा उतार घराकडे झाला, तर प्रत्येक पावसाचें पाणी भिंतीच्या पायथ्याशीं जमूं लागतें. लादीखालीं वारा नाहीं, ऊन नाहीं. ओल गेली ती तेथेंच राहिली. लांकडाला बुरशी धरते. ज्या मुलखांत वाळवी आहे तेथें तिला मातींतून थेट भिंतींत शिरायला झांकलेली वाट मिळते, आणि वर राहणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाहीं. उत्तरेकडील संस्थानांत आणखी एक शत्रु आहे. पाणी गोठलें कीं शेंकडा सुमारें ९ इतकें फुगतें. भरींतलें पाणी हिवाळ्यांत फुगून बाजूच्या भिंतींना बाहेर ढकलतें, वसंतांत वितळून पोकळी सोडतें, आणि पुढल्या हिवाळ्यांत पुन्हां तोच खेळ. अशा रीतीनें जो ओटा सर्वांत स्थिर वाटला, तो हळूहळू घरापासून सुटत गेला. आणि जातां जातां घराचा पाया कुजवीत गेला.

यावर उपाय एकच: ओट्याखालीं माती ठेवावयाचीच नाहीं. ओटा खांबांवर अधांतरीं उभा करावा, आणि त्याच्या पृष्ठभागांत फटी ठेवाव्या, म्हणजे पाणी वर न सांचतां खालीं गळून जाईल. ही कल्पना नवी नव्हती. डेक हा शब्दच जहाजावरचा. न्यू जर्सींतील अटलांटिक सिटी या समुद्रकांठच्या गांवीं १८७० सालीं फळ्यांचा एक लांब रस्ता किनाऱ्यानें घातला होता. त्याचा हेतु एवढाच कीं, फिरायला आलेल्या मंडळींनीं पायांबरोबर वाळू आणून उपाहारगृहें व आगगाड्यांचे डबे भरूं नयेत. वाळू फटींतून खालीं पडे आणि पाय स्वच्छ राहत. घराच्या परसांत मात्र या युक्तीचा कलात्मक उपयोग झाला तो कॅलिफोर्नियांत. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासची जमीन डोंगरउताराची. तेथें भर घालून सपाटी करणें म्हणजे डोंगर उपसणें. टॉमस चर्च या उद्यानरचनाकारानें तेथें उतारावर खांब रोवून त्यांवर फळ्यांचे प्रशस्त चौथरे घातले. १९४८ सालीं सोनोमा परगण्यांत त्यानें डोनेल कुटुंबासाठीं रचलेली बाग जगभर गाजली. तेथील लांकडी चौथऱ्यांत त्यानें ओकचीं जुनीं झाडें तोडलीं नाहींत. फळ्यांनाच भोंकें ठेवून झाडें त्यांतून वर जाऊं दिलीं. दगडी ओट्याची भर त्या झाडांच्या मुळांवर पडती, तर तीं गुदमरून मेलीं असतीं.

ज्यांनीं जुन्या वाड्यांतला कडीपाट पाहिला आहे, त्यांना डेकची रचना निराळी समजावून सांगण्याची गरज नाहीं. खालीं खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सुमारें १६ इंचांच्या अंतरानें कड्या आणि कड्यांवर आडव्या फळ्या. भेद दोन. वाड्यांत फळ्या एकमेकींस घट्ट भिडवतात. येथें दोन फळ्यांत बारीक फट मुद्दाम ठेवतात. आणि वाड्यांतला कडीपाट छपराखालीं असतो; हा मात्र ऊन, पाऊस आणि बर्फ अंगावर घेत उघड्यावर पडलेला. घराची भिंत कोरडी राहिली खरी; पण भिंतीवरचें संकट ओट्याच्या लांकडावर आलें.

चर्चनें या संकटाला दिलेलें उत्तर रेडवुड हें होतें. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वाढणारे हे वृक्ष पृथ्वीवरील सर्वांत उंच वृक्ष होत. त्यांतले कांहीं १०० मीटरांहून उंच आहेत. त्यांच्या गाभ्याचें तांबूस लांकूड निसर्गतःच बुरशीला व किडीला दाद देत नाहीं, जसें आपलें सागवान. पण गाभा पक्व व्हायला शतकें लागतात, आणि कुऱ्हाडीला एक दिवस पुरतो. तोड इतकी झाली कीं, मूळच्या अरण्याचा विसाव्या हिश्श्याच्या आसपासच भाग उरला; त्याच्या रक्षणासाठीं १९६८ सालीं राष्ट्रीय उद्यान स्थापावें लागलें. कोट्यवधि घरांचे ओटे अशा लांकडाचे होणें शक्यच नव्हतें. अमेरिकेजवळ विपुल होता तो दक्षिणेंतला पाइन. तो लवकर वाढतो, स्वस्त मिळतो, वजनाला बळकट असतो. पण उघड्यावर ओल्या मातीला लागला कीं थोड्या वर्षांत भुसा होतो. या पाइनला सागाचें आयुष्य कोण देणार, हा प्रश्न होता. त्याचें उत्तर अमेरिकेंत सांपडलें नाहीं. तें हिमालयाच्या पायथ्याशीं सांपडलें.

लांकूड न कुजावें म्हणून त्याला औषध पाजण्याची विद्या तेव्हां शंभर वर्षांची होती. इंग्लंडमध्यें कायन यानें १८३२ सालीं पाऱ्याच्या विषारी क्षारांत लांकूड भिजवण्याची रीत काढली. १८३८ सालीं बर्नेट यानें जस्ताचा क्षार वापरला, आणि त्याच वर्षीं जॉन बेथेल यानें अधिक महत्त्वाची युक्ति योजिली. लोखंडी टाकींत लांकूड कोंडावें, आंतली हवा शोषून घ्यावी, आणि मग दाब देऊन क्रिओसोट नांवाचें डामराचें तेल लांकडाच्या रंध्रांत घुसवावें. रेल्वेचे स्लीपर या रीतीनें टिकूं लागले. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली, त्यानंतर हिंदुस्थानांत रूळ जसजसे पसरले तसतसा स्लीपरांचा प्रश्न बिकट झाला. येथली वाळवी व पावसाळा यांपुढें साधें लांकूड टिकेना. म्हणून इंग्लंडांतून क्रिओसोट पाजलेले स्लीपरही जहाजांनीं आणले गेले. साल, साग व देवदार यांचें लांकूड टिके, पण तें महाग. आणि जंगलांत हलक्या जातीचें लांकूड नुसतें पडून होतें. पाऱ्याचा क्षार महाग व घातकी. जस्ताचा पावसानें धुवून जाई. क्रिओसोट काळें, तेलकट व दुर्गंधी. रुळाखालीं तें चालतें. बसण्याउठण्याच्या जागीं चालत नाहीं.

डेहराडून येथील वनसंशोधन संस्था १९०६ सालीं स्थापन झाली. तिची विटांची भव्य इमारत १९२९ सालीं लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें उघडली गेली. याच संस्थेंत सोंटी कामेशन हे लांकडाच्या संरक्षणावर काम करीत होते. १९३३ सालीं त्यांनीं तीन द्रव्यांचें एक मिश्रण सिद्ध केलें: तांब्याचा क्षार म्हणजे मोरचूद, सोमलाचें आम्ल आणि क्रोमियमचा क्षार. यांतलें एकेक द्रव्य पूर्वीही ठाऊक होतें. मोरचूद बुरशी मारतो. सोमल वाळवीला, किडीला आणि ज्या बुरशीला तांबें बाधत नाहीं तिलाही मारतो. पण दोन्ही पाण्यांत विरघळतात. पहिल्या चार पावसांत धुवून निघावयाचे. कामेशन यांची खरी करामत तिसऱ्या द्रव्यांत होती. क्रोमियमचा क्षार लांकडांत शिरला कीं लांकडाशींच त्याची रासायनिक क्रिया होते. आणि त्या क्रियेंत तांबें व सोमल हीं लांकडाच्या तंतूंना जखडलीं जातात. कापडाला रंग पक्का बसावा म्हणून रंगारी तुरटी घालतो, तसेंच हें. औषध पाण्यांतून लांकडांत गेलें, पण परत पाण्यांत यायला तयार होईना.

हिंदुस्थानांत हें मिश्रण 'आस्क्यू' या नांवानें ओळखलें गेलें. सोमल व तांबें यांच्या रासायनिक संज्ञा जोडून तें नांव झालें. त्यानें भिजवलेलें लांकूड हिरवट दिसे, पण हाताला कोरडें लागे, त्याला वास येत नसे आणि त्यावर रंगही चढे. १९३८ सालीं कामेशन यांच्या शोधाला अमेरिकेचें पेटंट मिळालें. प्रथम तेथें टेलिफोनचे खांब या औषधानें टिकवले गेले. मिसिसिपींतील सॉसियर येथें, जेथें उष्मा, पाऊस व वाळवी तिन्ही पुरेपूर आहेत, तेथें वनखात्याच्या संशोधकांनीं निरनिराळ्या औषधांनीं भिजवलेल्या खुंट्या जमिनींत रोवून वर्षानुवर्षें त्यांची पाहणी केली. साध्या पाइनच्या खुंट्या थोड्याच वर्षांत कुजल्या. या मिश्रणानें चांगल्या भिजलेल्या खुंट्या दशकें लोटलीं तरी टणक राहिल्या.

१९७० नंतर हा औषधी पाइन साध्या लांकूडबाजारांत सर्रास मिळूं लागला आणि ओट्यांचा इतिहास पालटला. बेताच्या पगाराचा गृहस्थही आतां शनिवार-रविवारीं, एखाद्या शेजाऱ्याच्या मदतीनें, स्वतः डेक उभारूं शकला. खचलेला, तडकलेला उंच पॅटिओ पाहून उसासे टाकण्याचे दिवस संपले.

पॅटिओ काढून डेक घालण्याचें काम कसें चालतें हें पाहिलें, म्हणजे या बदलाचें मर्म ध्यानांत येतें. प्रथम लादी फोडतात व भर उपसतात. भर निघाली कीं घराची झांकलेली भिंत उघडी पडते, आणि कित्येक वर्षांचें गुपित बाहेर येतें. खालचें आडवें लांकूड कोरडें निघालें तर दैव चांगलें. तें बोटानें उकरतां आलें, तर तेवढा भाग कापून नवें लांकूड घातल्याशिवाय पुढें पाऊल टाकतां येत नाहीं. मग भिंतीला वारा लागूं देतात. जमिनीला घरापासून दूर असा उतार देऊन वर खडी पसरतात, म्हणजे फटींतून गळलेलें पाणी घराखालीं न जातां परसांत जाईल. खांबांचे पाये गोठणाच्या पातळीखालीं न्यावे लागतात; मिनेसोटाच्या उत्तर भागांत तर ५ फूट खोल. सर्वांत नाजूक जागा मात्र एकच: डेक जेथें घराला जोडतो ती. भिंतीला एक जाड आडवी पट्टी जोडून तिच्यावर कड्या टेकवतात. ती पट्टी जाड बोल्टांनींच पक्की करावी लागते; आणि तिच्यामागें पाणी उतरूं नये म्हणून वरून पत्र्याची वळचण द्यावी लागते. ही वळचण विसरणाऱ्यानें दगडी ओट्याचा दोष लांकडी ओट्यांत जसाच्या तसा आणला असें समजावें. कांहीं लोक श्रम वांचवण्यासाठीं जुनी लादी न काढतां तिच्यावरच फळ्या जडवतात. त्यानें ओट्याचें रूप बदलतें. पण भर, ओल आणि भिंत यांचें जुनें नातें झांकणाखालीं तसेंच राहतें.

तीस वर्षें सर्व सुरळीत चाललें. मग लोकांच्या ध्यानांत एक गोष्ट येऊं लागली. सोमल लांकडाला जखडलेला असला, तरी अगदीं सर्व नव्हे. त्याचा अल्प अंश पृष्ठभागावर हाताला लागतो. थोडा पावसाबरोबर खालच्या मातींत उतरतो. रुळाखालच्या लांकडाला कोणी हात लावीत नाहीं. ओट्यावर मात्र मुलें रांगतात, आणि रांगणारें मूल हात तोंडांत घालतें. जें औषध स्लीपरांसाठीं व खांबांसाठीं निर्दोष, तेंच जागा बदलतांच शंकास्पद झालें. अमेरिकेच्या पर्यावरणसंरक्षण खात्यानें फेब्रुवारी १९०२ नव्हे, १०० वर्षांनंतर म्हणजे २००२ सालीं, उत्पादकांशीं ठरवून असें जाहीर केलें कीं, ३१ डिसेंबर २००३ नंतर घरगुती उपयोगाच्या लांकडासाठीं हें मिश्रण वापरलें जाणार नाहीं. जुने डेक सरसकट उपटावे असें त्या खात्यानें सांगितलें नाहीं. मात्र असें लांकूड कधींही जाळूं नये, कारण त्याच्या धुरांत व राखेंत सोमल उरतो, हें बजावलें. खांब, समुद्रांतल्या मेखा आणि शेतांतले डांब यांसाठीं त्याचा उपयोग पुढेंही मोकळा ठेवला.

त्याच्या जागीं सोमलाविना केवळ तांब्यावर भिस्त ठेवणारीं नवीं औषधें आलीं. त्यांत तांबें अधिक. आणि अधिक तांबें साध्या लोखंडी खिळ्यांना खाऊन टाकतें. तेव्हां खिळे व बोल्ट जाड जस्ताचा मुलामा दिलेले, किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे वापरणें भाग पडलें. एक कोडें सोडवावें तों दुसरें पुढें येतें, असा हा अनुभव. कांहींनीं लांकडाचा भुसा आणि टाकाऊ प्लॅस्टिक एकत्र करून त्यांच्या फळ्या बनवल्या. त्या कुजत नाहींत; पण खालच्या तुळया व कड्या बहुधा लांकडाच्याच राहिल्या.

दगडी ओटा बिघडला तर तो खचतो. त्यानें सहसा जीव जात नाहीं. अधांतरीं लांकडी ओट्याची गोष्ट निराळी. २९ जून २००३ रोजीं शिकागोंत एका इमारतीच्या मागल्या बाजूचा तीन मजली लांकडी सोपा समारंभाच्या गर्दीनें कोसळला आणि १३ तरुण माणसें प्राणांस मुकलीं. चौकशींत तो सोपा विनापरवाना बांधलेला व नियमाहून मोठा असल्याचें नगरपालिकेनें सांगितलें. तेथील नमुना नियमांत डेकला दर चौरस फुटास ४० पौंड भार पेलावा, आणि ३० इंचांहून उंच असेल तर ३६ इंचांचा कठडा असावा, असें लिहिलेलें आहे. असे नियम वाचायला रुक्ष वाटतात. परंतु त्यांतला प्रत्येक आंकडा कोणाच्या तरी घरच्या लेकरांसाठीं असतो.

या सर्व कथेंत दगड हरला आणि लांकूड जिंकलें, असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. महाराष्ट्रांत ज्या ओट्यानें दगडी जोत्याशीं पिढ्यान्‌पिढ्या संसार केला, तो तेथें शहाणाच होता. अमेरिकेंत तोच ओटा लांकडी भिंतीशीं विसंगत ठरला. सामान चांगलें किंवा वाईट हें त्याच्या शेजारावर अवलंबून असतें. औषधाचेंही तसेंच: रुळाखालीं जो सोमल रक्षक, तोच बाळाच्या हाताखालीं संशयित. आणि कुजणें ही क्रिया कोणत्याही युक्तीनें नाहींशी होत नाहीं. ती भिंतींतून फळींत, फळींतून खिळ्यांत आपलें बिऱ्हाड हलवीत राहते. ती आतां कोठें राहायला गेली आहे हें दरवर्षीं वांकून पाहणें, हाच ओट्याच्या धन्याचा धर्म.

एक गोष्ट मात्र मनांत सलते. लक्षावधि अमेरिकन कुटुंबांनीं तीस वर्षें ज्या ओट्यावर सकाळचा चहा घेतला, मुलांचे वाढदिवस केले, त्या ओट्याला आयुष्य देणारी विद्या डेहराडूनच्या प्रयोगशाळेंतून आली होती. हें त्यांना ठाऊक नव्हतें, आणि येथल्यांनाही बहुधा नाहीं. शोधाचें यश व त्याचें पुढें दिसून आलेलें व्यंग हीं दोन्ही सांगूनच कामेशन यांचें नांव स्मरलें पाहिजे. कारण सत्य लपवून केलेला गौरव फार दिवस टिकत नाहीं. पुढल्या वेळीं परदेशांतल्या भाचीच्या किंवा नातवाच्या घराचें छायाचित्र येईल, तेव्हां त्यांतल्या फळ्या जरा निरखून पाहाव्या. घर २००४ सालापूर्वींचें असेल आणि मुळांत लांकडावर हिरवट झांक असेल, तर दोन ओळी लिहून कळवावें: जुनी फळी जाळूं नका, मुलांना खेळून आल्यावर हात धुवायला सांगा, आणि भिंतीशीं जोडलेली पट्टी एकदां तपासून घ्या. वडीलधाऱ्यांचा सल्ला ओट्यावर बसूनच द्यावयाचा असतो. मग तो ओटा सातासमुद्रांपलीकडे कां असेना.